‘घरात पडले’ असं लिहून दिलं, आता क्लेम होईल का?

पत्र:

नमस्कार ताई, मी इंदूरला सुदामा नगरात राहते, वय ४८. घरून डबे देते, जवळच्या पीजीतल्या मुलामुलींना. चार महिन्यांपूर्वी सकाळी दूध आणायला पायी निघाले होते, रस्त्याच्या कडेकडेनेच चालत होते आणि मागून आमच्याच कॉलनीतल्या एका मुलाची बाइक येऊन धडकली. सांची दुधाच्या बूथवाल्या भैयाने उचलून ई-रिक्शात घातलं. उजव्या पायाचं गुडघ्याखालचं हाड मोडलं, ऑपरेशन करून प्लेट टाकली. मुलाचे वडील लगेच आले, हॉस्पिटलात १५ हजार डिपॉझिट त्यांनीच फोनवरून भरलं आणि हात जोडून म्हणाले, वहिनी पोलिसात नका जाऊ, पोराचं कॉलेज आहे, सगळा खर्च मी करतो. त्यांच्याच सांगण्यावरून आम्ही ‘घरात पाय घसरून पडले’ असं लिहवलं. पुढे बिल १ लाख ९० हजारांवर गेलं, ते परत फिरकले नाहीत, आता फोनही उचलत नाहीत. आमचे हे म्हणतात शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, मुलगा पुण्याहून म्हणतो सोडून दे आई. डब्याचं काम बसलंय, मी अजून वॉकर घेऊन चालते. एफआयआर नाही, कागदावर घरात पडले, आणि माझी कमाई कुठे लिहिलेली नाही. काही होऊ शकतं का? आणि शेजारच्या पोराचं नुकसान करून पैसे घेणं बरं दिसतं का?

उत्तर:

ताई, होऊ शकतं. सोपं नाहीये, केस थोडी अडचणीची झालीये, पण हातातून गेलेली नाही. फक्त आता एक आठवडासुद्धा घालवू नका, कारण १ एप्रिल २०२२ पासून नियम असा आहे की अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत क्लेमचा अर्ज ट्रिब्युनलमधे, म्हणजे अपघाताचे क्लेम ऐकणाऱ्या कोर्टात, लागायला हवा, आणि तुमचे चार झालेत. या सहा महिन्यांच्या अटीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे हे खरं, पण त्याच्या भरवशावर बसायचं नाही, आपण मुदतीतच अर्ज लावायचा.

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं बोलते, कारण मला वाटतं तुम्ही अडकलात ते तिथेच. पोराचं नुकसान करून पैसे घेणं. ताई, रस्त्यावर चालणाऱ्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी इन्शुरन्स कायद्याने सक्तीचा आहे, आणि तो सक्तीचा केलाय तो नेमका तुमच्यासारख्या पायी चालणाऱ्या माणसासाठी. गाडीच्या मालकाने प्रीमियम भरलाय तो याच दिवसासाठी. पॉलिसी चालू असेल आणि मुलाकडे लायसन्स असेल तर नुकसानभरपाई कंपनी देते, त्याच्या वडिलांच्या खिशातून काही जात नाही. म्हणजे ज्या खर्चाला घाबरून ते तोंड लपवतायत तो खर्च कदाचित त्यांना करायचाच नव्हता, पहिल्याच दिवशी पोलीस थान्यात जाऊन खरं सांगितलं असतं तर तुमचं बिलही निघालं असतं आणि शेजारधर्मही टिकला असता.

लायसन्स नसेल तर गोष्ट वेगळी होते, तेही स्पष्ट सांगते. अशा वेळी बहुतेकदा ट्रिब्युनल कंपनीला सांगतं की आधी जखमी माणसाला पैसे द्या आणि मग गाडीमालकाकडून वसूल करा. म्हणजे तुम्हाला मिळतात, पण भार त्यांच्यावर येतो. आणि गाडीला इन्शुरन्सच नसेल तर सरळ मालकाकडूनच घ्यावे लागतात, तो देत नसेल तर कलेक्टरमार्फत वसुली होते, त्याला वेळ लागतो. एवढी घाई करून पोलिसात जाऊ नका म्हणाले म्हणजे यातलं काहीतरी असू शकतं, नसूही शकतं. एमपरिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकून बघा, इन्शुरन्स कुठल्या तारखेपर्यंत आहे ते दिसतं. अपघात झाला त्या दिवशी पॉलिसी चालू होती का एवढंच महत्त्वाचं, आज चालू आहे की नाही याला अर्थ नाही.

पोराच्या कॉलेजचं म्हणाल तर बेफिकीरीने गाडी चालवून कुणाचं हाड मोडलं तर तो गुन्हा आहे, जास्तीत जास्त तीन वर्षं किंवा दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा कायद्यात लिहिलेली आहे, पण हा जामीनपात्र गुन्हा आहे, मुलाला उचलून तुरुंगात टाकतील असं काही नाही. तुम्ही त्याचं आयुष्य खराब करत नाही आहात. चार महिने वॉकर तुम्ही धरलाय, त्याने नाही.

आता ‘घरात पडले’. ताई, हाच तुमच्या केसमधला सगळ्यात मोठा काटा आहे, आणि मला त्या गृहस्थांचा खरा राग येतो तो इथे. पैसे नाही दिले ते एक वेळ समजू शकते, बिल वाढलं, माणूस घाबरला. पण वेदनेने कळवळणाऱ्या बाईकडून हॉस्पिटलच्या कागदावर खोटं लिहवून घ्यायचं आणि मग फोन बंद करायचा, हे फार वाईट केलं. त्या एका ओळीमुळे हॉस्पिटलने एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस अशी नोंद, केली नाही, म्हणून पोलिसांना खबर गेली नाही, म्हणून एफआयआर नाही. आणि उद्या इन्शुरन्सचा वकील उलटतपासणीत तीच ओळ वाचून दाखवणार, बाई तुम्हीच सांगितलंत ना की घसरून पडलात.

तर यावर काय करायचं. सगळ्यात आधी काय करायचं नाही ते सांगते. हॉस्पिटलात जाऊन ते कागद बदलून द्या म्हणायचं नाही. कुणी ओळखीचा कंपाउंडर नवीन डिस्चार्ज बनवून देतो म्हणाला तरी नाही. कागद आहे तसा राहू द्या आणि तुम्ही जे झालं ते तसंच्या तसं सांगा, की त्यांनी खर्च करतो म्हणून शब्द दिला, आम्ही विश्वास ठेवला, त्यांच्या सांगण्यावरून तसं लिहवलं. हे लोकांना समजतं, न्यायाधीशांनाही समजतं, असं करणारं तुमचं पहिलं घर नाही. क्लेम ट्रिब्युनलमधे फौजदारी खटल्यासारखा शंभर टक्के पुरावा लागत नाही, तुमचं म्हणणं जास्त संभवनीय वाटतं की समोरच्याचं, एवढंच बघतात.

आणि तुमच्याकडे पुरावा आहे, तुम्हाला तो पुरावा वाटत नाहीये इतकंच. ते १५ हजार! तुम्ही सहज लिहून गेलात की डिपॉझिट त्यांनी फोनवरून भरलं. अहो, बाई स्वतःच्या घरात पाय घसरून पडली तर चार घरं सोडून राहणारा माणूस, ज्याचा तुमच्याशी नात्याचा संबंध नाही, तो सकाळी सकाळी हॉस्पिटलात येऊन १५ हजार कशाला भरेल? हॉस्पिटलच्या पावतीवर त्या दिवशीची तारीख असेल, ट्रान्झॅक्शन नंबर असेल, पैसे कुठल्या खात्यातून आले ते बँकेतून निघतं. बिलिंग काउंटरवर जाऊन त्या डिपॉझिटच्या पावतीची कॉपी मागा, डिस्चार्जच्या फायनल बिलातही ती रक्कम वजा दाखवलेली असेल. तुमच्या अख्ख्या फाइलमधे तो एक कागद मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

त्याच्या बरोबरीने व्हॉट्सॅप. मुलाने किंवा त्याच्या आईने कधी ‘काकू बरं आहे का, सॉरी’ असा मेसेज टाकला असेल, वडिलांनी ‘उद्या बघतो पैशाचं’ म्हटलं असेल, व्हॉइस मेसेज असेल, काही डिलीट करू नका आणि तो फोन विकू नका, एक्सचेंजमधे देऊ नका. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, कोर्टात त्याच्याबरोबर एक सर्टिफिकेट द्यावं लागतं, ते वकील करून घेतात, पण मूळ मेसेज फोनमधे असायला हवा.

तिसरा तो बूथवाला भैया. त्याने डोळ्यांनी पाहिलंय आणि हाताने उचललंय. त्याच्याशी आजच बोला, घाबरवून नाही, प्रेमाने, की भैया जे पाहिलं तेच सांगायचंय. ई-रिक्शावाला त्याच चौकातला असेल तर तोही. सीसीटीव्हीचं म्हणाल तर चार महिन्यांनी फुटेज राहिलेलं नसणार, तरी आसपासच्या दुकानात एकदा विचारून टाका, कधीकधी कुणी त्या दिवशीच मोबाइलवर काढून ग्रुपवर टाकलेलं असतं. आणि आठवा, मोठ्या हॉस्पिटलात जायच्या आधी जवळच्या डॉक्टरकडे पट्टी बांधली होती का? तिथल्या चिठ्ठीवर काय लिहिलंय ते बघा, बऱ्याचदा तिथे पहिलं खरं लिहिलेलं असतं. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनाही विचारून ठेवा की असं हाड साध्या घसरण्याने मोडतं की जोराच्या धडकेने, त्यांचं मत साक्षीत येऊ शकतं.

एफआयआर उशिरा झाली तर चालते का? चालते. २०११ साली सुप्रीम कोर्टानेच एका अपघाताच्या केसमधे स्पष्ट म्हटलंय की माणूस आधी उपचाराकडे बघणार, थान्यात पळत जाणार नाही, त्यामुळे एफआयआरला उशीर झाला एवढ्यावरून क्लेम फेटाळता येत नाही. मात्र उशीर का झाला ते अर्जात लिहावं लागतं. तर जिथे अपघात झाला त्या भागाच्या थान्यात जा, तुम्हाला जिना चढवत नसेल तर मिस्टरांना लेखी अर्ज घेऊन पाठवा, त्यात तारीख, वेळ, जागा, गाडीचा नंबर, कोण चालवत होतं, ऑपरेशन कधी झालं, कुणी काय शब्द दिला आणि कधीपासून फोन उचलत नाहीत हे सगळं सरळ भाषेत, आणि दुसऱ्या कॉपीवर पोचेचा शिक्का घ्या. टीआय, म्हणजे थान्याचे प्रमुख, म्हणाले की आता इतक्या दिवसांनी काय, आपसात मिटवा, तर वाद घालत बसू नका, तोच अर्ज स्पीड पोस्टाने डीसीपींना, म्हणजे त्यांच्या वरच्या पोलीस अधिकाऱ्यांना, पाठवा, कायद्यात ती सोय आहे, शिवाय सीएम हेल्पलाइन १८१ वर तक्रार नोंदवून ठेवा. त्यानेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. एफआयआरची कॉपी तुम्हाला फुकट मिळते, ती मागून घ्या.

एफआयआर झाली की पोलिसांनी अपघाताचा सविस्तर रिपोर्ट ९० दिवसांत ट्रिब्युनलला पाठवायचा असतो, त्यालाच क्लेमचा अर्ज समजता येतो. पण तुमच्याकडे ९० दिवस आहेत कुठे? म्हणून तुम्ही वेगळा अर्ज लावाच, पोलिसांचं चालू राहू दे. अगदी एफआयआर अडकली तरी अर्ज मुदतीत टाका आणि थान्यात दिलेल्या अर्जाची शिक्क्याची कॉपी जोडा.

आता कमाई कुठे लिहिलेली नाही म्हणता ते मला मान्यच नाही. डबे देणाऱ्या बाईकडे वही असतेच! कुठल्या मुलाचा किती तारखेला खाडा, कुणाचे किती बाकी, कुणी एक वेळचा डबा बंद केला, हे सगळं ज्या वहीत आहे ती वही म्हणजे तुमचं हिशोबाचं पुस्तक. कितीही डाग पडलेले असोत, ती नीट नवीन करून लिहायच्या फंदात पडू नका, तेलाच्या बोटांची मूळ वहीच द्या. मुलं महिन्याचे पैसे फोनवर पाठवत असतील तर बँकेचं मागच्या वर्षभराचं स्टेटमेंट काढा, दर महिन्याला त्याच त्या नावांनी येणाऱ्या रकमा आणि अपघातानंतर एकदम थांबलेल्या, हे बघून कुणालाही कळतं. दोन-तीन मुलामुलींकडून आणि किराणावाल्याकडून लेखी घ्या. पोळ्यांना आता बाई लावली असेल तर तिला दिलेले पैसे लिहून ठेवा. आणि समजा हे सगळं कमी पडलं तरी घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाची किंमत पैशात धरली पाहिजे असं सुप्रीम कोर्टाने वेळोवेळी सांगितलंय, २०२१ मधे पुन्हा सांगितलंय. मी काय कमवते, असं कोर्टात तर सोडा घरातसुद्धा म्हणू नका.

रक्कम किती मिळेल हे मी सांगू शकत नाही, कुणी आत्ताच आकडा सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, पण हिशोब कसा करतात ते समजून घ्या. झालेला सगळा खर्च, बिलांप्रमाणे. मग जितके महिने काम बंद राहिलं त्याचं उत्पन्न. मग त्रासाचे, जाण्यायेण्याचे, सेवेला माणूस ठेवला त्याचे. आणि सगळ्यात मोठा भाग, पुढे कायमची कमाई किती घटली. समजा तुमचं निव्वळ उत्पन्न महिना १२ हजार धरलं. स्वतःचा धंदा आणि वय ४० ते ५० असेल तर पुढच्या वाढीचे २५ टक्के धरतात, म्हणजे १५ हजार, वर्षाचे १ लाख ८० हजार. पायामुळे काम करायची ताकद समजा २० टक्के कमी झाली असं ठरलं तर वर्षाला ३६ हजारांचं नुकसान, आणि ४८ वयाला १३ ने गुणतात, म्हणजे ४ लाख ६८ हजार, आणि हे बिलांच्या वर. यावर अर्जाच्या तारखेपासून व्याज.

यात २० टक्के हा आकडा कुठून येणार, इथेच बायका गप्प बसतात आणि नुकसान होतं. सरकारी मेडिकल बोर्ड पायाचं अपंगत्व किती टक्के ते लिहून देतं, पण २०१० च्या सुप्रीम कोर्टाच्या एका निकालाप्रमाणे ट्रिब्युनलने बघायचं असतं की त्या पायामुळे या माणसाच्या या कामावर किती परिणाम झाला. टेबलावर बसून काम करणाऱ्याचा पाय आणि तुमचा पाय एक नाही. तेव्हा साक्षीत नुसतं ‘पाय दुखतो’ म्हणू नका. सकाळी ओट्याशी किती वेळ सलग उभं राहवतं, पूर्वी किती पोळ्या एका दमात व्हायच्या आता किती होतात, पातेलं उचलताना एका पायावर भार देता येतो का, उकिडवं बसून भाजी निवडता येते का, पीजीचे जिने चढून डबा पोचवता येतो का, हे एकेक सांगा. ते सगळं आत्तापासून एका कागदावर लिहायला घ्या, वर्षभराने तारीख लागेल तेव्हा आठवणार नाही.

एक दुसरा रस्ताही कायद्यात आहे, चूक कुणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख ठरलेले. हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापतच. पण ते घेतले की मोठा क्लेम संपतो, आणि तुमचं बिलच १ लाख ९० हजार आहे, त्यामुळे वकिलाशी बोलल्याशिवाय त्याला हो म्हणू नका. (कुणा वाचकाच्या बाबतीत धडक देणारी गाडीच सापडली नसेल तर त्यासाठी वेगळी योजना आहे, गंभीर दुखापतीला ५० हजार, मृत्यू झाल्यास २ लाख, अर्ज एसडीएम किंवा तहसीलदारांकडे. तुमची गाडी सापडलेली आहे, तुम्हाला ते लागू नाही.)

वकिलाचं. बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, कोर्टातच त्यांचं ऑफिस असतं, आधी तिथे जा. स्वतःचा वकील करायचा असेल तरी करा, पण मिळेल त्यातले इतके टक्के द्या असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा, वकिलांना बार काउन्सिलच्या नियमाने तसं घेता येत नाही. कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर सही नाही. आणि कोर्टाच्या बाहेर फिरणारे जे लोक म्हणतात ‘ड्रायव्हर बदलून टाकू, लायसन्सवाला दाखवू, केस मजबूत होईल’, त्यांच्यापासून लांब राहा, आधीच कागदावर एक खोटं आहे, दुसरं आलं की तुमचं खरंही कुणी ऐकणार नाही. ते १५ हजार मिळाले हेही अर्जात लिहा, लपवू नका, फार तर तेवढे वजा होतील.

मिस्टरांना सांगा, हे तसलं कोर्ट नाही. तुम्हाला आरोपीसारखं पिंजऱ्यात उभं करत नाहीत, दर पेशीला, म्हणजे कोर्टाच्या प्रत्येक तारखेला, जावं लागत नाही, मुख्यतः तुमच्या साक्षीच्या दिवशी जायचंय. मुलाला सांगा, आई सोडून दे म्हणण्यापेक्षा दोन दिवसांची सुट्टी काढून ये आणि फाइल लावून दे, बिलं तारखेप्रमाणे, प्रत्येक औषधाच्या बिलामागे त्याची चिठ्ठी, एक्सरे, फिजिओथेरपीच्या पावत्या, सगळ्याच्या झेरॉक्स वेगळ्या आणि ओरिजिनल तुमच्याच कपाटात.

थान्यात जायच्या आधी त्या गृहस्थांना एक मेसेज मात्र टाका. भांडणाचा नाही. एवढंच, की तुमच्या मुलाच्या बाइकने माझा अपघात झाला, तुम्ही खर्चाचा शब्द दिला होता, तो पाळला नाहीत म्हणून मी आता तक्रार आणि क्लेम करतेय, इन्शुरन्सचे कागद द्या म्हणजे तुमच्यावरही भार येणार नाही. ते कदाचित लगेच पळत येतील आणि पन्नास हजार घ्या, इथे सही करा म्हणतील. सही करू नका. मिटवायचं असेल तर ते ट्रिब्युनलसमोर किंवा लोक अदालतमधे, कंपनीला बरोबर घेऊन.

आणि लोक अदालतमधे कंपनीने आकडा दिला तर हो म्हणायच्या आधी हे विचारून घ्या, पायातली प्लेट पुढे काढावी लागणार आहे का. लागणार असेल तर त्या ऑपरेशनचा अंदाजे खर्च डॉक्टरांकडून लेटरहेडवर आधीच घेऊन ठेवा. एकदा निकाल झाला की त्याच अपघातासाठी दुसरा क्लेम लावता येत नाही आणि लोक अदालतच्या निकालावर अपीलही नाही, म्हणजे प्लेट काढायचे पैसे त्याच आकड्यात धरलेले हवेत.